तीस दाब आणि उशिरा पोहोचलेले पॅकेट

माझी वहिनी इंदूरच्या एका नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. तिथल्या फिरत्या प्रशिक्षण गाडीचे वायरलेस जाळे उभारण्याचे काम गेल्या वर्षी तिने माझ्यावर सोपवले. चार व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी दृश्य दाखवणारी उपकरणे), छातीत सेन्सर बसवलेल्या दोन डमी, एक राउटर आणि एक लॅपटॉप एवढा सरंजाम घेऊन ही गाडी देपालपूर आणि सांवेरकडच्या गावांत जाते आणि तिथल्या मुलींकडून सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून आणि त्याला श्वास देऊन वाचवण्याच्या प्रथमोपचाराचा, सराव करून घेते.

पहिल्या सत्रात जे घडले ते मला अजून टोचते. हेडसेट लावलेली एक मुलगी गुडघ्यांवर बसून, कोपरे ताठ ठेवून डमीची छाती दाबत होती आणि तिच्या डोळ्यांसमोर "सावकाश होत आहे" आणि लगेच "फार जलद" अशा सूचना उमटत होत्या. वहिनी शेजारी उभी राहून मनगटी घड्याळावर मोजत होती आणि तिच्या हिशेबाने ताल अगदी बरोबर होता. "मॅडम, मी एकसारखेच दाबते आहे हो," असे ती मुलगी म्हणाली खरी, पण पुढच्या फेरीत तिने सूचनेवर विश्वास ठेवून आपला बरोबर असलेला हात बिघडवला.

सीपीआरमध्ये मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे असतात, प्रौढासाठी ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि ३० दाबांनंतर दोन श्वास. म्हणजे दोन दाबांमध्ये ५०० ते ६०० मिलिसेकंदांचे अंतर असते. ती मुलगी ५५० मिलिसेकंदांच्या अंतराने दाबत होती असे धरू. एका दाबाची नोंद २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचली आणि पुढची वेळेवर आली, की आधीचे अंतर ७५० आणि नंतरचे ३५० दिसते. मिनिटाच्या हिशेबात आधी ८० आणि मग १७१. आमची प्रणाली दाब कधी पडला हे न पाहता त्याचे पॅकेट, म्हणजे जाळ्यावरून जाणारा नोंदीचा छोटा तुकडा, कधी पोहोचले हे पाहत होती, आणि सगळी चूक तिथेच होती.

अनेकांनी मोठा डेटा प्लॅन घेण्याचा सल्ला दिला, परंतु प्रश्न वेगाचा नव्हताच. आमचा सर्व्हर मुंबईत आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे सहाशे किलोमीटरच्या मार्गावर जाण्या-येण्याला केवळ ६ मिलिसेकंद लागतात. खरी गर्दी खोलीतल्या हवेत होती. वायफायच्या एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते, बाकीच्यांना थांबावे लागते, आणि दोघे एकदम बोलले तर दोघांनाही काही काळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्याच पट्ट्यात मुलींचे फोन व ब्लूटूथही वावरत होते. शिवाय आमच्या नोंदी टीसीपी या पाठवण्याच्या पद्धतीने जात होत्या, ज्यात एक पॅकेट हरवले की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी पॅकेटे अडून राहतात.

नुसत्या विलंबाने काम अडत नाही. ७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जॅक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील रुग्णाचे पित्ताशय यंत्रमानवाच्या साहाय्याने काढले, तेव्हा सरासरी विलंब सुमारे १५५ मिलिसेकंदांचा होता. परंतु त्यांच्यासाठी फायबरचा राखीव मार्ग होता. ठरावीक विलंबाशी हात जुळवून घेतो. दर क्षणाला बदलणाऱ्या विलंबाशी त्याला जुळवून घेता येत नाही.

आता प्रत्येक दाबाची वेळ डमीमध्येच नोंदवली जाते आणि ताल जवळच्या लॅपटॉपवर मोजला जातो. मान वळवल्यावर दृश्य साधारण २० मिलिसेकंदांत बदलले नाही तर मळमळते, म्हणून दृश्ये हेडसेटमध्येच तयार होतात आणि त्यांच्या फाइली इंदूरमध्येच भरून घेतल्या जातात. राउटर ५ गिगाहर्ट्झवर चालतो, फोन दुसऱ्या खोलीत ठेवले जातात. थेट सूचना यूडीपीने, म्हणजे हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबणाऱ्या पद्धतीने, जातात, कारण उशिरा आलेली सूचना हरवलेलीच बरी. गावात मोबाइलची रेंज नसली तरी सराव थांबत नाही; गाडी संध्याकाळी महाविद्यालयात परतली की दिवसभराच्या नोंदी सर्व्हरवर चढतात, आणि वहिनी रात्री जेवणानंतर त्या एकेक करून पाहते.