तबलजी असून जॅझ?

"काका, तुम्ही तबल्याचे. मग हे पों-पों काय ऐकत बसता?" शिकायला येणाऱ्या मुलांच्या आया विचारतात, गणपतीत भेटणारे विचारतात. गेल्या महिन्यात दाताच्या डॉक्टरांनीही विचारलं, माझ्या तोंडात आरसा असताना. जोडीला दुसरा प्रश्न असतोच: ते जॅझ आता राहिलंय तरी का? तेव्हा बोलता येत नव्हतं. आता सांगतो.

इंदुरात तबलजीचं आयुष्य म्हणजे झुमरा, मोठ्या ख्यालाचा संथ ताल. गायक उस्ताद अमीर खाँ याच गावात वाढले आणि त्यांचा तो अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला ख्याल इथल्या गवयांच्या अंगात भिनला. मात्रा 14च, पण आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, इतकं लांब की मध्ये चहा पिऊन यावा. खाँसाहेबांना साधा, स्वच्छ ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, तेवढेच लागायचे. तबल्याने मध्ये बोलायचं नाही. त्यांना ते शोभायचं. पुढच्यांनी त्यांच्यातला फक्त हुकूम उचलला. तिशीत असताना एका बैठकीत मी मोकळी जागा बघून एक छोटा तुकडा टाकला, समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, नीट आणून सोडला. बुवांनी मागे न बघता डावा हात हलवला, माशी हाकलावी तसा. पुढचा दीड तास मी आपला धिं, तिरकिट, धिं.

जॅझ मात्र त्याच्याही आधी कानावर पडलं होतं. साल 1974. फेब्रुवारीत कोलकात्यात मोटार अपघातात खाँसाहेब गेले, मे महिन्यात तिकडे अमेरिकेत जॅझ वाद्यवृंदाचे ड्यूक एलिंग्टन गेले. एलिंग्टन कोण, हे मला कुठे ठाऊक! रामबागेत मामाकडे मर्फीचा रेडिओ होता, त्यावर रात्री शॉर्टवेव्हला व्हॉइस ऑफ अमेरिका लागायचं. विलिस कोनोव्हर नावाचे निवेदक जॅझचा कार्यक्रम करायचे. जड आवाज, एकेक शब्द सुटा. माझ्यासारख्या अर्ध्या इंग्रजीवाल्यालाही कळावं असं बोलणं. सुरुवातीची धून एलिंग्टनच्याच वाद्यवृंदाची असायची. खरखर इतकी की ट्रम्पेट कधी यायचं, कधी बुडायचं. पण मागे कुणीतरी झांजेसारखं काही वाजवत होता, टिंग, टिं-टि टिंग, आणि ते काही केल्या तुटत नव्हतं. मला वाटलं, अरे, हा तर आपला माणूस. ठेकेवाला.

खरं सांगायचं तर आजही मी त्या ठेकेवाल्यासाठीच ऐकतो. ट्रम्पेटवाले माइल्स डेव्हिस यांच्या 1959 सालच्या 'काइंड ऑफ ब्लू' या रेकॉर्डमधली पहिली रचना लावून बघा, 'सो व्हॉट'. 32 बारांचं आवर्तन, एका बारात चार मात्रा. पहिले 16 बार जवळजवळ आपल्या काफी रागाचेच स्वर. मग आठ बार सगळा काफी अर्ध्या स्वराने वर सरकतो, शेवटचे आठ बार परत खाली. आणि सरकतो तो षड्जासकट, म्हणजे मूळ 'सा'सकट! आमच्या तंबोऱ्याला हे सांगितलं तर तो गवसणीत जाऊन बसेल. मुखडा म्हणतो तो बास, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, बाकीचे त्याला दोनच सुरांत होकार देतात. मग माइल्सचं ट्रम्पेट सुरू होतं, नेमकं तिथे ड्रमवरचा जिमी कॉब झांजेवर एक घाव घालतो. तो घुमत राहतो, घुमत राहतो आणि ट्रम्पेटचे पहिले सूर त्या घुमण्यावरून चालत येतात. शंभरदा ऐकलं असेल. तिथे कुणी माशी हाकलत नाही. तिथे प्रत्येक जण आळीपाळीने गवई होतो आणि आळीपाळीने तबलजी.

हात वळायला मात्र मला वर्षं गेली. आपली टाळी समेकडे धावते, त्यांचा चुटकीचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. चहाच्या कपावर चमचा वाजवून मी ते घोटायचो. दोन मिनिटांत चमचा आपोआप समेवर. बायको म्हणायची, "अहो, साखर केव्हाच विरघळली."

परकं म्हणाल, तर तेही अर्धंच खरं. गुलामांच्या नातवंडांनी न्यू ऑर्लिन्समध्ये उभं केलेलं हे संगीत, तिथल्या सभ्य घरांत त्याचं नाव काढायची चोरी. कोठ्यावर वाढलेल्या आपल्या ठुमरीचं तरी काय वेगळं झालं? 1930च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये काळे अमेरिकन वादक येऊन वाजवत होते, गोव्याच्या वादकांनी ते उचललं आणि सिनेमात नेलं. आपल्या चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, वाद्यमेळात ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट होता. त्यांच्या 'अलबेला' सिनेमाची गाणी इंदुरात जन्मलेल्या लताबाईंनी गायली. त्यांवर गणपतीच्या मांडवात नाचलात, तेव्हा कुणी विचारलं नाही हे काय म्हणून.

राहिलंय का, याचं उत्तर सोपं. नाचायचं संगीत म्हणून नाही राहिलं. ती गर्दी केव्हाच दुसरीकडे गेली. पण होळकरांचा दरबार गेला म्हणून ख्याल कुठे बंद पडला? 2023 साली समारा जॉय ही 23 वर्षांची जॅझ गायिका नवोदित कलाकाराचं ग्रॅमी घेऊन गेली. त्याच वर्षी लंडनच्या एझ्रा कलेक्टिव्ह या वाद्यमेळाला ब्रिटनमधला मर्क्युरी पुरस्कार मिळाला, जॅझवाल्यांना पहिल्यांदाच. मला धास्ती आहे ती वेगळी. आता हेही कॉलेजात शिकवतात, परीक्षा होतात, आणि मुलं भयंकर वेगात तेच ते तुकडे वाजवतात, आमच्या विशारदवाल्यांसारखी. पाठ केलेला तुकडा कितीही फास्ट असू दे, शेजारचा काय म्हणाला ते त्यात शिरत नाही.

माझ्याकडे इंजिनिअरिंगचा एक मुलगा शिकतो. झुमरा धरताना हल्ली तो मध्येच एखादा तुकडा टाकून माझ्याकडे बघतो. माझा डावा हात उठतो, मग मी तो मांडीखाली घेऊन बसतो. तुकडा अजून कच्चा असतो. एकदा तर पुरता चुकला, सम हुकली, दोघंही हसलो आणि तिथूनच पुढे निघालो.

तर ऐकायचं असेल तर रात्री नवानंतर या. तेव्हा शिकवणी संपलेली असते. जिन्यावरचा दिवा गेलाय, मोबाईलची बॅटरी लावून या.