बकुळीच्या आळ्यातलं तळं

बकूळ वाऱ्याने पडली नव्हती. त्या रात्री वारा नव्हताच, नुसता पाऊस. सकाळी सहाला सारसबागेत पोचलो तर ती हिरवळीवर कलंडलेली आणि आळं काठोकाठ भरलेलं.

दोन वर्षांपूर्वी मीच लावली होती. वर्षभर पानं पिवळी पडत होती, मी पाणी वाढवत गेलो. फिरायला येणारे एक काका रोज बाटलीही ओतायचे. झाड मलूल दिसलं की लोकांना पाणीच सुचतं. त्यांना कोण बोलणार, मलाही तेच सुचलं.

मुळं हातात घेतली. निरोगी मूळ नखाने खरवडलं की आत पांढरं दिसतं. ही काळी पडलेली. चिमटीत धरून ओढलं की साल निसटून यायची, आतला दोरा तेवढा उरायचा. वास तुंबलेल्या गटाराचा.

आमच्या जुन्या माळीमामांनी शेजारी पहार मारली. वीतभर मुरूम खणखणला, मग पहार एका दाबात हातभर खाली. वर आली ती काळ्या चिकट गाळाने माखून.

"साहेब, तळं हाय हे. वरून झाकलंय नुसतं."

नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढा अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं, मधे सुमारे २५,००० चौरस फुटांचं बेट ठेवलं. त्यावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी सिद्धिविनायकाचं देऊळ बांधलं. पेशव्यांच्या नौकाविहाराची ही जागा पुढे बुजवली गेली आणि सगळ्या पुण्याची बाग झाली. 'तळ्यातला गणपती' मी लहानपणापासून म्हणतोय. पायऱ्या चढून जातो ते बेट, हिरवळ म्हणजे तळ. तरी खड्डा खणला तेव्हा मी तीन बाय तीनचं माप तपासलं, शेणखत तपासलं. बाहेर पडलेल्या मातीकडे पाहिलं नाही. अशा गाळात खड्डा म्हणजे बादलीच. आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं, बाहेर जात नाही. वर्षभर मी ती बादली भरत होतो.

पाणी साचलं की वर मुरूम टाकायचा, ही आपल्याकडची सवय मला आता सहन होत नाही. वर कोरडं दिसतं, मुळं खाली बुडतात.

त्याच जागी जांभूळ लावलंय, खड्ड्यात नाही, मामांच्या सांगण्यावरून हातभर उंच मातीच्या ढिगावर. बाजूला एक लहान खड्डा उघडा ठेवलाय, पाणी कुठवर चढतं ते बघायला. परवाच्या पावसानंतर त्यात काठी घातली. दीड वीत ओली आली.