वर्गणी घेतली नाही, तर नाकारल्याचा कागद ठेवा

कोकणातल्या गावात कोण आपला आणि कोण बाहेरचा, हे सातबाऱ्यावर नसतं. ते गावकीच्या, म्हणजे गावाचा कारभार बघणाऱ्या मंडळींच्या, वर्गणीच्या वहीत असतं. शिमग्याला, देवळाच्या दुरुस्तीला घरटी रक्कम ठरते. ज्याचं नाव वहीत, त्याच्या अंगणात पालखी.

म्हणून एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकायचं ठरलं की ठराव कुणी लिहीत बसत नाही. वर्गणी द्यायला गेलात तर "राहू दे, नंतर बघू" एवढंच म्हणतात. शिमग्यात पालखी शेजारच्या घरी नाचते, ओट्या भरल्या जातात आणि ती तुमचं दार ओलांडून पुढे जाते. विचारलं तर उत्तर तयार: "त्यांनी वर्गणीच दिली नाही." इतकी सोपी युक्ती आहे, आणि बहुतेक तक्रारी इथेच लंगड्या पडतात.

कारणंही ठरलेली. देवळाचा हिशेब मागितला, निवडणुकीत दुसऱ्या पॅनलचं काम केलं, जातीबाहेर लग्न केलं, जमिनीचा वाद गावकीऐवजी कोर्टात नेला. पुढे दुकानात सामान मिळत नाही, लावणीला माणूस येत नाही, मयताला खांदा द्यायला कुणी फिरकत नाही. या कुटुंबाशी बोलणाऱ्यालाही दंड लावतात, त्यामुळे शेजारी मनात नसूनही तोंड फिरवतो. खटल्यात साक्षीदार फुटतो तोही याच धाकाने.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, लागू झाला ३ जुलै २०१७ पासून. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी तो नोंदवायलाच हवा. तरी पोलीस ठाण्यात "गावात बसून मिटवा" ऐकावं लागतं. तेव्हा थेट मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. कुटुंब अनुसूचित जाती किंवा जमातीचं आणि टाकणारे या दोन्हींबाहेरचे असतील तर अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(झेडसी) आधी पाहावं. सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार तिथे नावानिशी गुन्हा आहे.

"आम्हाला वाळीत टाकलं" या एका वाक्यावर तक्रार उभी राहत नाही. कुठल्या तारखेला, कुणी, काय नाकारलं, समोर कोण होतं, हे लिहा. वर्गणी गावकीच्या बँक खात्यात भरा. खातं नसेल तर प्रमुखांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवून रक्कम देण्याची तयारी कळवा. पत्र "घेण्यास नकार" शेरा मारून परत आलं तर फोडू नका, तसंच जपून ठेवा. व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या, फोनही सांभाळा. परत घेण्यासाठी दंड मागितला तर रोख देऊ नका, पावती मागा. पावती फाडायला कुणी धजत नाही. मग ते मागणं तारखेसह टिपून ठेवा.

पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तर तडजोड होते. पण "यापुढे सलोख्याने राहू" एवढ्यावर सही करू नये. पालखी कुठल्या शिमग्यापासून दारी येणार, वर्गणीची पावती कोण देणार, बोलणाऱ्यांवरचा दंड कधी उठला, हे एकेक कलम करून लिहून घ्यावं. त्याखाली मुंबई मंडळाच्या, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या, पदाधिकाऱ्यांचीही सही घ्यावी, कारण गावचे बरेच निर्णय तिथेच होतात आणि गणपतीला आलेले चाकरमानी म्हणतात, "आम्हाला कुठे कुणी विचारलं?"