साइटची प्रगती : निवडक फोटोंऐवजी एक अख्खं लग्न

तुळशीच्या लग्नाच्या आत माझ्या लग्नाच्या फोटोग्राफीची वेबसाइट उभी करायचीच होती. एकदा मुहूर्त सुरू झाले की कॅमेरा सोडून दुसरं काही हातात धरायला सवड मिळत नाही. मुख्य पान, दरांचं पान आणि एक पूर्ण लग्न, एवढं आता तयार आहे.

सगळ्यात जास्त वेळ फोटो निवडण्यात गेला. आपल्यापैकी बरेच फोटोग्राफर पंधरा-वीस लग्नांतले देखणे फोटो एकत्र मांडतात. पण ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना काहीतरी वेगळंच जाणून घ्यायचं असतं. कार्यालयाच्या पिवळ्या दिव्यांखाली, अक्षता टाकायला सगळे पुढे सरसावलेले असताना, या माणसाच्या हाती नक्की काय लागतं? म्हणून एकच लग्न घेतलं आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत क्रमाने लावलं. अंतरपाट दूर होतानाचा फोटो सगळ्यात मोठा ठेवलाय, कारण तो क्षण पुन्हा मिळत नाही आणि तो पकडता येतो की नाही यावरच आपली पारख होते. पंगतीत आग्रहाने जिलबी वाढणारे मामाही आहेत. वधूच्या आईला उद्या तेच फोटो आधी बघायचे असतात.

परवानगीकडे कुणीही काणाडोळा करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोंचा पहिला मालक काम देणारा असतो, वेगळा करार केला नसेल तर. म्हणून बुकिंगच्या करारातच आता साइटवर फोटो वापरण्याचं कलम घातलंय, आणि या लग्नासाठी दोन्ही घरांकडून लेखी संमती घेतली. लहान मुलांचे जवळून घेतलेले फोटो तरीही वगळले.

तांत्रिक बाजू थोडक्यात. लांब बाजू २०४८ पिक्सेल, फाइल वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो-प्रकार), रंग एसआरजीबी (वेबवर सर्रास चालणारी रंगपद्धत). अॅडोबी आरजीबी या जास्त रंग सामावणाऱ्या पद्धतीतला फोटो प्रोफाइलशिवाय, म्हणजे रंगपद्धतीची नोंद सोबत नसताना, वेबवर गेला की पैठणीचा हिरवा मलूल होतो आणि हळदीचा पिवळा मेल्यासारखा दिसतो, म्हणून एक्सपोर्ट करतानाच रूपांतर. साइट बनवायचं वर्डप्रेस २५६० पिक्सेलहून मोठा फोटो स्वतःच लहान करतं. ते काम त्याच्यावर न सोडता आपणच योग्य आकारात, हवं तेवढं शार्पनिंग करून दिलेलं बरं. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग (वाचणारा तिथवर आला की मगच फोटो उतरवणं) ठेवा, सगळ्यात वरच्याला मात्र नको. पानावरचं मुख्य चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसावं असा गूगलचा निकष आहे, आणि लेझी लोडिंगमुळे नेमकं तेच अडून राहतं. तपासणी साध्या फोनवर, गावाबाहेरच्या मोबाइल डेटावर करा. हळद घरी लागते, त्यामुळे फोटोत जीपीएसची नोंद असेल तर कुणाच्या तरी घराचा ठावठिकाणा उघडा पडतो. ती नोंद काढा, कॉपीराइटची तेवढी राहू द्या.

दरांबद्दल माझं मत पक्कं आहे. ‘किमतीसाठी संपर्क करा’ असं लिहिलेलं वाचून मध्यमवर्गीय घरातला माणूस फोन करत नाही, पुढच्या साइटवर जातो. मी एका दिवसाचा सुरुवातीचा दर सरळ लिहिलाय. त्यात किती तास, अल्बम आहे की नाही, परगावचा प्रवासखर्च कोणाचा, हेही खालीच. लांबलचक फॉर्म काढून टाकला. व्हॉट्सअॅपचं बटण दाबलं की तारीख, गाव आणि कार्यालय एवढे तीन रकाने असलेला निरोप तयारच येतो.

मजकूर मराठीत आहे, ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेच्या ‘मुक्त’ फाँटमध्ये, थोडा मोठा. निर्णय पुष्कळदा वडीलधाऱ्यांच्या फोनवर होतो. प्रत्येक फोटोखाली विधीचं आणि गावाचं नाव आहे, शोधणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो.

आता घरच्या घरी झालेलं एक नोंदणी लग्न लावायला घेतलंय, कारण लहान कार्याची विचारणा करणाऱ्यांना दाखवायला माझ्याकडे काहीच नाही. सप्तपदीची छोटी चित्रफीतही टाकायची आहे. पान जड न करता ती कुणी बसवली असेल, तर कशी ते सविस्तर सांगा.