बारा जणांची गेट मीटिंग: हिरव्या पडद्याचा माझा अनुभव

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यावरच्या लघुपटातील गेट मीटिंगसाठी, म्हणजे गिरणीच्या दरवाजापुढच्या कामगारांच्या सभेसाठी, माझ्याकडे हौशी नाटकमंडळींतले बारा जण होते. लालबाग-परळचे आकाश आता उंच इमारतींनी व्यापल्यामुळे एका जुन्या बंद दरवाजाचे रिकामे दृश्य ट्रायपॉडवरून पहाटे टिपून ठेवले आणि गर्दी त्यात नंतर भरायची ठरवली.

माणसांना हिरव्या पडद्यापुढे टिपायचे आणि संगणकावर तो हिरवा रंग काढून त्यांना त्या रिकाम्या दृश्यात बसवायचे, असा बेत होता. घोडे पेंड खाऊ लागले ते या पडद्यापाशी. भाड्याच्या स्टुडिओत ‘क्रोमाची’, म्हणजे अशा हिरव्या पडद्याची, ‘उत्तम सोय’ असल्याचे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात खोली इतकी उथळ होती की माणूस पडद्यापासून जेमतेम चार फुटांवर उभा राही, आणि पडद्यावरून परतलेला हिरवा प्रकाश त्याच्या खांद्यांवर व टोपीच्या कडेवर सांडे. गिरणी कामगाराचा वेश म्हणजे पांढरा सदरा, लेंगा आणि गांधी टोपी. पांढऱ्या कापडावर तर कोणत्याही रंगाची झाक लगेच चढते. संगणकावर हिरवा रंग काढू लागलो की टोपीची कड खाल्ली जाई, आणि कड वाचवली की तिच्याभोवती हिरवी रेघ उरे. त्यात भाड्याचा कॅमेरा 4:2:0 पद्धतीने नोंद करणारा होता, म्हणजे चार पिक्सेलांमागे रंगाची माहिती एकदाच, त्यामुळे कडा मुळातच भुरकट. तक्रार केल्यावर मिळालेले उत्तर होते, “एडिटमध्ये होऊन जाईल, साहेब.” हे वाक्य बोलणाऱ्याला ते एडिट स्वतः कधीच करावे लागत नाही, हे माझे ठाम मत आहे.

अखेर पडदा आमच्या इमारतीच्या गच्चीवर इस्त्री करून ताणून बांधला आणि मंडळींना त्याच्यापासून पंधरा फूट पुढे उभे केले. ऊन येण्यापूर्वीचा मऊ प्रकाश मूळ दृश्याशी आपोआप जुळला आणि हिरवी झाक जवळजवळ नाहीशी झाली. चार-चार जणांचे गट केले, म्हणजे चौकटीत माणसे मोठी दिसतात व कडा स्वच्छ मिळतात. एकट्या माणसासाठी कॅमेरा आडवा न धरता उभा धरावा. बायकांना हिरवी नऊवारी आणू नका असे आदल्या दिवशीच बजावावे, नाहीतर नुसते चेहरे तरंगतात.

कॅमेऱ्याची उंची मूळ दृश्यातल्याइतकीच ठेवावी. ती डोळ्यांच्या पातळीवर असली, तर सपाट जमिनीवरच्या जवळच्या आणि लांबच्या माणसांचे डोळे साधारण एकाच रेषेत येतात, त्यामुळे मागच्या रांगा रचणे फार सोपे जाते. पावलांच्या सावल्यांची कटकट टाळायला पुढची रांग खऱ्या गल्लीतच चित्रित करून मागचे सगळे छातीपासून वर दाखवले.

गट वाढवण्यासाठी तेच चित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटवण्याचा मोह होतो. तसे केल्यास फलकांवरची अक्षरे उलटतातच, शिवाय डाव्या खांद्यावरचा पदर उजव्यावर जातो, आणि ते आमच्या आईच्या नजरेतूनसुद्धा सुटले नाही. त्याऐवजी तेच चित्रण वेगवेगळ्या क्षणांपासून सुरू करावे आणि टोप्या, मफलर, जागा बदलून पुन्हा टिपावे. घोषणेला हात एकदम वर गेले तर चालते. दोन माणसांनी एकाच क्षणी कान खाजवला की बिंग फुटते. ही सारी जोडणी दा विंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत झाली, वेगळे काही विकत घ्यावे लागले नाही.