परळाखालची ओली माती

३ एप्रिल

लिंबाखाली पाण्याचा परळ ठेवून आज दहा दिवस झाले. ठेवला होता पाखरांसाठी, पण सगळ्यांत जास्त येतात मधमाश्या.

अंगणात ऊन उतरलं की त्यांची ये-जा सुरू होते. परळात नितळ पाणी असतं, तरी त्या पाण्यापर्यंत जातच नाहीत. मातीचा परळ बाहेरून पाझरतो. त्या ओल्या कडेवर ओळीने बसतात आणि मातीलाच तोंड लावतात. आज गुडघ्यावर बसून एकीला अगदी जवळून पाहिलं. पीत असताना तिचं पोट सारखं लांबतं आणि आखडतं, भाता चालवावा तसं. जवळजवळ मिनिटभर प्यायली, मग एक गिरकी घेऊन थेट कुंपणापलीकडे गेली. हे पाणी तिच्या एकटीच्या तहानेसाठी नसतं. पोळ्यात त्याचे बारीक थेंब पसरतात आणि माश्या त्यावर पंखांनी वारा घालत राहतात. बाहेर कितीही तापो, अळ्या वाढतात तो भाग ३४-३५ अंशांच्या आसपास ठेवायचा असतो. हे मला ठाऊक होतं. पण त्या थंडाव्यातला एक थेंब आपल्या परळातून उचललेला आहे, हे डोळ्यांनी बघताना फार बरं वाटलं.

८ एप्रिल

लालबुड्या बुलबुलांची जोडी रोज अकराच्या सुमाराला येते. एक परळात उतरतो, दुसरा फांदीवर थांबतो. पाण्यात छाती टेकवायची, पंख फडफडवायचे, की चारी बाजूंना शिंतोडे. दोघांची अंघोळ आटपेपर्यंत निम्मा परळ रिकामा आणि खाली हा चिखल! पाणी मी एक दिवसाआड बदलते, डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून. पण बुलबुलांमुळे ती वेळच येत नाही. चिखलाचं मात्र काहीतरी करायला हवं.

दुपारी साळुंकी भिंतीच्या सावलीत चोच उघडून बसली होती. गळ्याची कातडी थरथरत होती. पक्ष्यांना घाम येत नाही, अंगातली बरीचशी उष्णता अशी तोंडावाटे बाहेर टाकावी लागते. मी खिडकीतून हलले नाही. अशा उन्हात तिला उगाच उडायला लावायचं जिवावर आलं.

लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असं वाटलं आणि पुसायला गेले, तर ती अळी निघाली! लिंबाळी फुलपाखराची. तपकिरी, ओलसर, मध्ये पांढरा पट्टा, हुबेहूब. काडीने हळूच स्पर्श केला तशी डोक्यामागून दोन मऊ शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सोडला. थोड्या वेळाने शिंपी पक्षी त्याच फांदीवर आला, पान न् पान तपासत पुढे गेला. अळीच्या पानावरूनही गेला. मी श्वास रोखून बघत होते.

१२ एप्रिल

मागच्या दाराच्या चौकटीवर कुंभारीण माशी घर बांधते आहे. काळं अंग, पिवळे पाय आणि सुईच्या जाडीची कंबर.

हिच्याबाबतीत मला एक जुनी टोचणी आहे. मागच्या उन्हाळ्यात साफसफाई करताना असंच एक मातीचं ढेकूळ मी सुरीने खरवडून काढलं होतं. ते फुटलं आणि आतून लहान लहान कोळी पडले. मेलेले वाटले, पण एकाचा पाय हलला. त्यांच्यात पिवळट, पाय नसलेली एक अळी होती. नंतर वाचलं तेव्हा कळलं : माशी कोळ्यांना डंख मारून लुळं करते, मारत नाही. मेले तर कुजतील. मग खोलीत कोळी भरते, अंडं घालते आणि मातीने तोंड लिंपून टाकते. अळी तो साठा खाऊन वाढते. आईची आणि तिची कधी भेटच होत नाही. ते घर मी एका मिनिटात उतरवलं होतं, आणि ते बांधायला किती खेपा लागतात हे तोवर मी कधी मोजलंही नव्हतं.

आज मोजल्या. सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत सत्तावीस खेपा, आणि खोली बोटाच्या पेराएवढी. दर खेपेला जबड्यात वाटाण्याहून लहान गोळी आणते, ती अर्धगोल पट्टीसारखी लावते आणि लावताना गुणगुण करते. चालू मशीनसारखा बारीक आवाज येतो. त्या थरथरीने ओली माती नीट पसरते. पट्ट्या आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूने येतात, म्हणून वरून वेणीची नक्षी दिसते.

१३ एप्रिल

आज एक चूक झाली आणि तिच्यामुळेच कुंभारीण माती कुठून आणते हे कोडं सुटलं.

चिखल वाढला म्हणून सकाळी परळाखाली फरशीचा रुंद तुकडा सरकवला. कुंभारीण कालच्या खोलीशेजारी दुसरी बांधायला घेत होती. थोड्या वेळाने पाहिलं तर काम बंद. कंटाळली की काय? मग परळाकडे लक्ष गेलं. ती फरशीवरून चालत होती, मिशा टेकवत, या कडेपासून त्या कडेपर्यंत. उडायची आणि परत तिथेच उतरायची.

म्हणजे माती इथली होती! बुलबुलांच्या अंघोळीने भिजलेली. एवढ्या कोरड्या उन्हात आसपास दुसरी ओली माती कुठून मिळणार तिला? मी फरशी काढली आणि तांब्याभर पाणी ओतलं. अर्ध्या तासात ती आली. पाय ताणून, डोकं खाली घालून, पंख फडफडवत मातीतून गोळी वळून घेतली आणि दाराकडे गेली. मी तिच्या मागे अक्षरशः धावले.

आठवडाभर ज्याला मी घाण म्हणत होते, त्यातून घर उभं राहत होतं.

२० एप्रिल

भाची आली आहे. दार उघडायला घाबरत होती. तिला सांगितलं की ही एकटी राहणारी माशी आहे, गांधीलमाशीसारखी घराची राखण करत अंगावर येत नाही. आपण तिला धरायला गेलो नाही तर तीही आपल्या वाटेला जात नाही. मग स्टूल घेऊन दोघी बसलो.

“मावशी, ती गाणं म्हणत काम करते?”

“ते पंखांच्या स्नायूंमुळे होतं गं.”

“पण म्हणते ना?”

म्हणते, असं मी म्हटलं.

आज ती कोळी घेऊन आली. हिरवट कोळी, पाय लोंबकळत होते. तोंडाशी अडकला, तर मागे सरून पुन्हा ढकलला. भाचीला कोळ्याचं फार वाईट वाटलं. मलाही वाटलं. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो, पण उत्तर काही सापडलं नाही.

चारही खोल्या झाल्यावर संध्याकाळी वरून मातीचा एक सरसकट लेप आला आणि वेणीची नक्षी झाकली गेली. भाचीने चौकटीवर पेन्सिलीने तारीख लिहिली.

१४ मे

पहिल्या खोलीला गोल भोक पडलं आहे. कडा इतक्या नीट की कुणी गिरमिटाने पाडलंय असं वाटावं. काल संध्याकाळी नव्हतं. बाहेर पडताना बघायला मिळालं नाही, याची हुरहुर दिवसभर होती. भाचीला फोन करून सांगितलं तर तिने आधी हेच विचारलं, “मग बाकीच्या तीन?”

त्या अजून बंद आहेत. उद्यापासून सहालाच उठेन.

दुपारी परळ भरला आणि थोडं पाणी मुद्दाम कडेवरून सांडू दिलं.