बाबांचा गिरणीचा पास आणि हंगेरी

परवा कपाट आवरताना बाबांच्या बंद पडलेल्या गिरणीचा पास सापडला, कडा कुरतडलेल्या, फोटोवर अजून तेलाचा डाग, आणि मला एकदम हंगेरी आठवली. १९८९ नंतर तिकडं पण असंच झालं ना, कम्युनिस्ट राजवट गेली, सरकारी कारखाने विकले, बँका बाहेरच्यांच्या हातात गेल्या, लोकांनी स्विस फ्रँकमध्ये घरकर्जं काढली अन् २००८ नंतर तिथलं चलन फोरिंट घसरलं तसे हप्ते वाढतच गेले. २०१० ला उजव्या पक्षाचा व्हिक्टर ओर्बान परत पंतप्रधान झाला, बँकांवर टॅक्स लावला, पुढं ती कर्जं फोरिंटमध्ये बदलून दिली. पोलंडमध्ये पण उजव्या सरकारनं २०१६ ला दुसऱ्या मुलापासून पुढं दर मुलामागं महिना ५०० झ्लॉटी (तिथलं चलन) द्यायला सुरुवात केली, २०१७ ला पेकाओ बँक इटलीवाल्यांकडून परत घेतली. डाव्यांची कामं उजव्यांनी केली म्हणून मतं मिळाली, मला तरी हे स्पष्ट दिसतं.

पण ओर्बाननं लोकांच्या खाजगी पेन्शन फंडातला पैसा पण सरकारकडं ओढला, मीडिया मुठीत घेतला, आणि जर्मन कार कंपन्यांना सवलती मात्र चालूच ठेवल्या, हे अजिबात पटत नाही.

सोलापुरात बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा पण पुढारी गेटवर येऊन आपली गिरणी, आपला कामगार म्हणून भाषणं करून गेले. बाबांचा थकलेला पगार शेवटपर्यंत आला नाही.